ठसका

पहिला प्रश्न होता, ‘आपण देव मानता का?’ त्यापुढे तीन चौकोन : होय, नाही, सांगता येत नाही. असे बेचाळीस प्रश्न मी पुण्याहून सायक्लोस्टाइल करून आणले होते. जिजी ओसरीवर बोरं निवडत बसली होती. टपोरी एका टोपलीत, किडकी शेळीला, आणि रंगानं बरी पण चवीला फिकी असलेली तिसऱ्या ढिगात. मी पेन सरसावून प्रश्न वाचला. तिनं मान वर केली नाही.

“मानते का म्हंजे? सासरा घरात बसेल असला त त्याले मानते का, असं कोन्ही इचारतं का?”

कुठल्या चौकोनात खूण करायची ते मला कळेना. दुसरा प्रश्न भुताखेतांचा होता. तो ऐकून ती म्हणाली, “बापू, तू मोठा कवा झाला? लहानपनी तुले समदं माहीत व्हतं.” तिसऱ्या प्रश्नापर्यंत आम्ही पोचलोच नाही. गिऱ्हाईक आलं.

मानवशास्त्राच्या वर्गात पुढे मला बरंच काही शिकवलं गेलं, आणि शिकवणाऱ्यांचं ऋण मी नाकारत नाही. पण धर्म, जादू, नजर, करणी या गोष्टींकडे पाहायचं कसं, हे मला मेहरूणच्या या बोरं विकणाऱ्या बाईनं शिकवलं. तिची फी मी दिलेली नाही. ती कशी देतात हेही मला नीट ठाऊक नाही.

आम्ही मूळचे घाटावरचे, सातारकडचे. वडिलांची कारकुनी नोकरी त्यांना जळगावला घेऊन आली आणि मेहरूणमध्ये जिजीच्या घरातल्या दोन खोल्या भाड्यानं मिळाल्या. तेव्हा मेहरूण जळगावला लागून असलं तरी गावच होतं : धाब्याची घरं, गुरं, तलाव आणि बोरी. मेहरूणच्या बोराचं नाव फळबागांच्या पुस्तकात स्वतंत्र वाण म्हणून आहे. आम्हाला ते फक्त खिशात मावणारं खाणं होतं. जिजी विधवा होती. मुलगा ट्रकवर केळी भरायला जायचा. ती थंडीत बोरं विकायची, उन्हाळ्यात पापड लाटायची, आणि बारा महिने आजूबाजूच्या पोरांची नजर काढायची. नजर काढायचे पैसे मात्र ती घेत नसे.

मी सहा वर्षांचा असताना तापानं फणफणलो. पावसाळा होता, वडील फिरतीवर होते. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी आईनं जिजीला हाक मारली. मीठ, मोहरी, लाल मिरच्या, केरसुणीचे दोन हीर आणि वाटेवरची चिमूटभर माती मुठीत घेऊन तिनं माझ्यावरून उतरवली. आल्यागेल्याची, घरच्यादारच्यांची अशी नावं घेत ती शेवटी आईपाशी आली. आईचीही नजर लागते. यादीत आई असतेच. मग मूठ शेगडीत टाकली. या शास्त्राचा नियम महाराष्ट्रभर सारखाच आहे : मिरची जळूनही ठसका आला नाही तर नजर होती, जबरदस्त होती, आणि ती आता गेली. ठसका आला तर नजर नव्हतीच.

त्या संध्याकाळी घरभर ठसका झाला. आई खोकली, मी खोकलो, दारातली शेळीसुद्धा शिंकली म्हणतात. जिजीनं पदरानं डोळे पुसले आणि म्हणाली, “हे मह्यं काम नही. डॉक्टरकडं चाल.” आणि भर पावसात टांगा शोधायला ती स्वतः निघाली. विषमज्वर होता. आणखी दोन दिवस घरी काढले असते तर काही खरं नव्हतं, असं डॉक्टर म्हणाले.

ही हकिकत मी घरात इतक्यांदा ऐकली आहे की तिच्यातलं काय मला आठवतं आणि काय सांगून सांगून आठवणीत शिरलं, ते वेगळं काढता येत नाही. शेळीची शिंक तर नक्कीच नंतरची भर आहे. शिवाय ठसका आला नसता तर? तिनं हात झटकले असते, आई निश्चिंत झाली असती आणि हे लिहायला मी उरलो नसतो. या शक्यतेचा विचार मी तिच्याशी वाद घालताना पुष्कळदा केला. पण मिरचीचा उपयोग ती कशासाठी करते याकडे माझं लक्ष गेलं ते फार उशिरा. तिच्याकडे येणारी बहुतेक पोरं ठसक्यासकट परत जात आणि डॉक्टरकडे पोचत. मिरची जळते तेव्हा ठसका यायचाच. न येणं हाच अपवाद. म्हणजे नजर काढणं हा आजारी पोराच्या आईला घराबाहेर काढण्याचा, आणि तेही सासूची परवानगी न मागता, एक रस्ता होता. मिरचीच सांगते म्हटल्यावर सासू काय बोलणार?

पुण्यात पहिल्या वर्षी आम्हाला टायलर आणि फ्रेझर शिकवले. एडवर्ड टायलरनं 1871 साली धर्माची सर्वांत आटोपशीर व्याख्या केली : अदृश्य, चेतन शक्तींवरचा विश्वास. जेम्स फ्रेझरचं ‘द गोल्डन बाऊ’ 1890 मध्ये आलं आणि फुगत फुगत बारा खंडांचं झालं. जादू दोन तत्त्वांवर चालते, असं त्यानं सांगितलं : सारख्यातून सारखं निपजतं, आणि एकदा स्पर्श झाला की तो तुटत नाही. मला हे लगेच पटलं. वाटेवरची माती घेतात ती तिच्यावर कुणाचं तरी पाऊल पडलेलं असतं म्हणून. फ्रेझरनं जणू जिजीची मूठ उघडून दाखवली होती. फरक इतकाच की फ्रेझरनं असली मूठ कधी पाहिली नव्हती. मिशनरी आणि साहेब लोक जगभरातून लिहून पाठवत. हा केंब्रिजला बसून ती वर्गवारी लावी.

आपल्याकडेही हेच चाललं होतं. नाशिकचा कलेक्टर जॅक्सन आपल्याला ठाऊक असतो तो 21 डिसेंबर 1909 च्या रात्री ‘शारदा’ नाटकाला गेलेला आणि अनंत कान्हेरेंच्या गोळीनं मेलेला म्हणून. पण हा माणूस लोकसमजुती गोळा करत होता. शाळामास्तरांकडे प्रश्न जात आणि मास्तर उत्तरं लिहून पाठवत. त्याच्या मागे एन्थोवेन नावाच्या दुसऱ्या साहेबानं ते कागद लावून गुजरातचा खंड 1914 मध्ये आणि कोकणचा 1915 मध्ये छापला. सरकारी प्रश्नाला सरकारी पगारदार मास्तर काय उत्तर देईल, याची मला नेहमी गंमत वाटते. ‘तुमच्या गावी भुतं आहेत काय?’ ‘होय साहेब, आहेत, सात प्रकारची आहेत.’ माझे बेचाळीस प्रश्न त्याच वंशातले होते.

ते कोरे कागद पाहून आमचे एक प्राध्यापक हसले. म्हणाले, मालिनोव्स्की पुन्हा वाच. ब्रॉनिस्लाव मालिनोव्स्की पहिल्या महायुद्धाच्या काळात न्यू गिनीजवळच्या ट्रोब्रिअंड बेटांवर गावातच तंबू ठोकून राहिला, भाषा शिकला. तिथले कोळी आतल्या शांत खाजणात मासे धरायला जात तेव्हा कुठलाही मंत्र म्हणत नसत. बाहेरच्या समुद्रात, जिथं मासा मिळेलच याची आणि परत येऊच याचीही खात्री नसे, तिथं मात्र पावलोपावली विधी. माणसाला आपलं ज्ञान कुठं संपतं ते नेमकं कळतं आणि जादू त्या काठावरच सुरू होते, असं त्यानं दाखवलं. हे कळायला चौकोन उपयोगाचे नव्हते. तिथं जाऊन नुसतं बसावं लागतं.

मग मी नुसता बसलो. पौषात जिजीच्या ओसरीवर गर्दी असे, कारण संक्रांत ते रथसप्तमी हा बोरन्हाणाचा हंगाम. काळं झबलं आणि हलव्याचे दागिने घालून पाटावर बसवलेलं पोर, डोक्यावरून पडणारी बोरं, उसाचे करवे, हरभऱ्याचे घाटे, लाह्या. आणि ती लुटायला जमलेली गल्लीतली पोरं. ऋतू बाधू नये म्हणून हे करतात. बोरांचा भाव त्या दिवसांत चढायचा आणि जिजी तो चढवायची. पण पहिलंच मूल असेल आणि घर गरिबाचं असेल तर मापावर ओंजळभर जास्त पडे. मी वहीत लिहिलं, ‘विधी आणि बाजार यांचा परस्परसंबंध.’ तिनं विचारलं, काय लिहिलं? मी सांगितलं. “लिही, जिजी मापात पाप नही करत,” म्हणाली. मी तेही लिहिलं.

श्रावणात, नागपंचमीनंतरच्या रविवारी, तिच्या घरी कानबाई बसायची. खानदेशाबाहेरच्यांना हा सण समजावून सांगणं कठीण. भिंती सारवलेल्या, चौरंगावर नारळ, त्याला डोळे आणि नथ, साडीचोळी, फुलं, तीच कानबाई. रात्रभर जागरण, गाणी, फुगड्या आणि सोमवारी वाजतगाजत तलावावर विसर्जन. आणि रोट. घरातल्यांच्या नावानं मुठी मोजून घेतलेल्या गव्हाचे ते रोट भाऊबंदांच्या बाहेर जात नाहीत. शेजाऱ्याला नाही, पाहुण्याला नाही. मी त्या घरात लहानाचा मोठा झालो, तिच्या ताटात जेवलो, पण रोटाचा तुकडा मला कधी मिळाला नाही. सात-आठ वर्षांचा असताना त्यावरून मी रडून गोंधळ घातला होता. जिजीनं मला उचलून आमच्या खोलीत आणून ठेवलं आणि गुळाचा खडा दिला.

विद्यार्थी झाल्यावर मी तोच प्रश्न शास्त्रीय सुरात विचारला. पावित्र्य, कुळाचार असं काही उत्तर येईल म्हणून पेन तयार होतं. ती म्हणाली, “ज्यानं रोट खाल्ला त्यानं आमचं सुतक धरावं. तुले कशाले पाह्यजे दहा दिवसांचा ताप?”

फ्रेंच समाजशास्त्रज्ञ दुर्खीमनं 1912 च्या ग्रंथात धर्माची मांडणी समाजावरून केली : माणसं ज्याची पूजा करतात ते अखेर त्यांचं एकत्र असणंच असतं, आणि श्रद्धा-आचारांनी बांधलेला एक समुदाय असल्याशिवाय धर्म नाही. हे मी परीक्षेत चार पानं लिहिलं होतं. जिजीनं ते एका तुकड्यात बसवलं. कोण कुणासाठी रडायला बांधलेलं आहे, त्याची मोजणी म्हणजे रोट. इरावती कर्वे पंढरीच्या वाटेवर दिंडीबरोबर चालल्या आणि ‘वाटचाल’ हा लेख लिहिला; एकाच विठ्ठलाकडे निघालेल्या त्याच दिंडीत जेवणाच्या पंगती जातीप्रमाणे वेगळ्या बसतात याची बोच त्यात आहे. भक्तीत असूनही बोच जाणवणं आणि बोच जाणवूनही चालत राहणं, दोन्ही त्यांना जमलं. मला वाटतं, आपल्याकडे या अभ्यासाचा तो सर्वांत प्रामाणिक नमुना आहे. मला मात्र रोट न मिळाल्याची बोच कळायला सुतकाचा अर्थ कळावा लागला.

एका हिवाळ्यात मी इव्हान्स-प्रिचर्डचं पुस्तक घेऊन आलो. जिजीनं विचारलं, एवढं काय वाचू राह्यला, मलेबी सांग. तर मी सांगायला बसलो. सुदानच्या दक्षिणेला अझांदे नावाचे लोक. हा साहेब त्यांच्यात 1926 नंतर येऊनजाऊन राहिला आणि 1937 मध्ये पुस्तक लिहिलं. तिथं धान्याची कोठारं लाकडी खांबांवर उभी असतात. दुपारी लोक त्यांच्या सावलीत बसतात. कधी एखादं कोठार कोसळतं आणि खालची माणसं दगावतात. वाळवीनं खांब खाल्ले हे अझांदेंना पक्कं ठाऊक असतं. तरीही ते म्हणतात, ही करणी.

“बरोबरच शे,” जिजी म्हणाली. “वाळवीनं खाल्लं हे कोन्हीबी सांगीन. पन त्याच दुपारी, त्याच्याच डोक्यावर काहून? ते वाळवीले इचारू का?”

अझांदेंचा युक्तिवाद समजावायला इव्हान्स-प्रिचर्डला अख्खं प्रकरण लागलं होतं. धाब्याची भिंत पावसात खचते हे जन्मभर पाहिलेल्या बाईला एक वाक्य पुरलं. मी खुशीत येऊन पुढे वाचत गेलो. साहेबानं स्वतःच्या घरचे निर्णयसुद्धा तिथल्या रीतीप्रमाणे कोंबड्यांना विष पाजून, कौल लावून घेतले आणि घर चालवायला ती पद्धत वाईट नव्हती असं लिहून ठेवलं, यावर ती मनापासून हसली. मग मी म्हणालो, करणीचा आळ परक्यावर येत नाही. शेजाऱ्यावर येतो, ज्याच्याशी आधीच धुसफुस आहे त्याच्यावर.

ती गप्प झाली. बोरांचा ढीग तिनं हातानं उगाच सारखा केला. आणि मला, इतक्या वर्षांनी, आठवलं.

मी दहा-अकराचा असताना गल्लीतलं एक तान्हं दगावलं होतं. आदल्या आठवड्यात जिजीनं त्याला मांडीवर घेतलं होतं. कुणी उघड काही बोललं नाही. फक्त त्या संक्रांतीला बोरन्हाणाची बोरं लोकांनी बाजारातून आणली. पोरं ओसरीवर यायची थांबली. मला आठवतात ती तिसऱ्या ढिगातली फिकी बोरं. तो ढीग त्या वर्षी टोपलीएवढा झाला होता आणि शेळी कंटाळून तोंड फिरवत होती. जिला नजर काढता येते तिला लावताही येत असणार, हा हिशोब सगळ्यांना न शिकवता येतो. मीठमोहरीची मूठ एकच. ती कुठून कुठं चालली आहे, एवढंच लोक बदलून वाचतात.

“तुह्या साहेबाले इचार,” ती बऱ्याच वेळानं म्हणाली, “जिच्यावर आळ आला, ती काय करे?”

उत्तर पुस्तकात होतं. मी पान काढलं. आजारी माणसाचे नातेवाईक कौलात मेलेल्या कोंबडीचा पंख दूतामार्फत त्या माणसाकडे पाठवतात. तो माणूस भांडत नाही. माझ्या पोटात असं काही आहे हे मला माहीत नव्हतं, असेल तर ते थंड होवो, आजारी माणूस बरा होवो, असं म्हणून तो पंखावर तोंडातलं पाणी फुंकतो. बहुतेक वेळा प्रकरण तिथंच मिटतं.

“पानी फुकलं की झालं?”

“बहुतेकदा.”

“मंग सुधारेल लोक शेत,” ती म्हणाली. “आमच्या इथी कोन्ही पंखबी नही पाठवत. कोनाच्या दारी जाऊन पानी फुकू?”

एवढं वर्षभर मी करणीवरचे सिद्धांत वाचले होते. ज्याच्यावर आळ आला त्याच्या बाजूनं हा प्रश्न मला सुचला नव्हता. पुढे सातपुड्याच्या पायथ्याशी, शिरपूर-धडगावकडे फिरताना डाकीण ठरवलेल्या बायकांच्या हकिकती ऐकल्या तेव्हा तो रोज कामाला आला. तिथं आळ मिटवायची रीत म्हणजे मारहाण आणि गावाबाहेर काढणं. भगतानं नाव घेतलं की सुटकेची वाट नाही. जमीन एकट्या बाईच्या नावावर आहे का, दीर काय म्हणतो, कोणत्या वर्षी कुणाचं गुरू मेलं, हे प्रश्न आधी विचारायचे आणि ‘तुमचा विश्वास आहे का’ सर्वांत शेवटी, विचारलाच तर. हे मी तिच्याकडून शिकलो.

आमच्या व्यवसायात एक सोज्वळ सवय आहे : समजून घ्या, निवाडा करू नका. ती मला अर्धीच पटते. 20 ऑगस्ट 2013 ला पुण्यात डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा खून झाला आणि इतकी वर्षं रखडलेला जादूटोणाविरोधी कायदा त्याच आठवड्यात वटहुकुमानं, मग डिसेंबरात विधिमंडळातून आला. सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत कैद. वारी, कीर्तन, घरातले सणवार यांना त्यानं हात लावलेला नाही, पण एखाद्यावर करणीचा आरोप करून त्याचं जगणं हराम करणं हा गुन्हा ठरवला. तेव्हा काही सहकारी म्हणाले, श्रद्धेचा विषय कायद्यानं सुटत नाही. बरोबर आहे, सुटत नाही. पण बाईला पाणी फुंकायला एक दार तरी झालं. जिजी तोवर राहिली नव्हती.

ती गेली तेव्हा मी पुण्यात होतो. फोन दुसऱ्या दिवशी आला. मी पोचलो तेव्हा घरात भाऊबंद बसले होते, आणि माझी जागा दारातल्या ओट्यावर होती. तिच्या मुलानं चहा दिला आणि अवघडून म्हणाला, “दादा, तुम्हाले काही नही लागत.” सुतक म्हणायचं होतं त्याला. मी रोट खाल्ला नव्हता. बाहेर बसून मी दाढीवर हात फिरवत होतो, करावी की राहू द्यावी.

माझ्या मुलीला ताप आला की आमच्या घरी अजून मिरची जळते. ठसका आला की आम्ही रिक्षा बोलावतो. न आला तरी बोलावतो. जिजीच्या पद्धतीत मी केलेली सुधारणा तेवढीच.

ती गेल्यानंतरच्या आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, मी मेहरूणला होतो. वडील जाऊन तेव्हा सात वर्षं झाली होती. घाटावरच्या आमच्या घरात आखाजीचा एवढा बडिवार नसे. आईनं तो खानदेशातच उचलला. पहाटे उठलो तर स्वयंपाकघरात मातीच्या दोन घागरी भरून ठेवलेल्या. दोन्हींवर डांगर, वर सांजोऱ्या, बाजूला आंबे. पितरांची घागर वडिलांची, हे ठीक. मी विचारलं, दुसरी कुणाची?

आई उंबऱ्यावर कुंकवाची बोटं उठवत होती. तिनं माझ्या खिशातल्या वहीकडे पाहिलं.

“लिहून घेणार असशील तर नाही सांगत,” ती म्हणाली.

मी वही कोनाड्यात ठेवली आणि रसाचे आंबे पिळायला बसलो.